पोटखराब्यातले कोकण

कोकणाचे वर्णन करावयाचे म्हटले की लेखणी आपोआप समुद्राकडे वळते. माडांची रांग, पुळण, खाडीतली होडी, तांबडी वाट, कौलारू घर आणि पाडाला लागलेला हापूस एवढ्या सामग्रीवर आजवर असंख्य कविता, कथा आणि अलीकडे पर्यटनाची माहितीपत्रके तयार झाली आहेत. त्यातले काही खोटे नाही. परंतु राजापूर, लांजे, देवगड किंवा रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या गावी जाऊन, या गावाची उरलेली जमीन कुठे आहे म्हणून विचारले, तर माणूस समुद्राकडे हात दाखवीत नाही. तो चढणीकडे, वर दाखवतो. तिथे सडा असतो.

दक्षिण कोकणातले गाव तीन मजल्यांचे असते असे म्हणता येईल. तळाशी खाडीकाठचे खाजण आणि भाताचे मळे. उतारावर आगर-बागांत दडलेल्या वाड्या. आणि माथ्यावर मैलोगणती पसरलेला सपाट कातळ. हा कातळ जांभ्या दगडाचा. फोडला तर आतून तांबडा, बाहेरून मात्र शेवाळाने आणि दगडफुलाने काळा पडलेला. लाखो वर्षांच्या पावसाने आणि उन्हाने मूळ दगडातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि त्यातून ही सच्छिद्र पाठ तयार झाली. ताजा असताना हा दगड पात्याने कापता येतो आणि वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या वैद्याने मलबारात लोक तो विटेसारखा कापून घरे बांधताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. आमच्या गवंड्यांनी त्याच्या चिऱ्यांतून घरे, विहिरी, गडगे आणि देवळांचे चौथरे त्याआधी कित्येक पिढ्या बांधले होते.

या सड्याचे महसुली दप्तरातले नाव मात्र वेगळे आहे. सातबारा उघडावा, तिथे ‘वरकस’, ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ हे शब्द भेटतात. दप्तर लिहिणाऱ्याची गरज साधी होती: पीक किती येते आणि त्यावर सारा किती बसतो. ज्या तुकड्यावर सारा बसत नाही तो पोटखराबा. इथवर हे वर्णन होते, आणि वसुलीच्या सोयीपुरते ते बरोबरही होते. पण शब्दांनाही बढती मिळत असते. सारा घेणारे सरकार गेले, शेतसाऱ्याचे उत्पन्न नगण्य झाले, तरी तो शब्द राहिला आणि हळूहळू न्यायनिवाड्यासारखा वापरला जाऊ लागला. जिथे पीक नाही तिथे काहीच नाही. जिथे काहीच नाही तिथे काहीही आणून बसवावे. केंद्र शासनाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह वेळोवेळी प्रसिद्ध केले, त्यांतही ‘ओसाड खडकाळ’ असा स्वतंत्र वर्ग आहे. उपग्रहाला दिसले ते त्याने सांगितले. ते बहुधा उन्हाळ्यात पाहिले असावे.

कारण सडा पाहावयाचा तर तो वर्षभर पाहावा लागतो. वैशाखात तिथे खरोखरच उभे राहवत नाही. कातळ तापून हवा थरथरते, गवताची काडी उरत नाही आणि टिटवी तेवढी आपल्या उघड्यावरच्या अंड्यांवरून ओरडत उठते. मग मृगाचा पाऊस पडतो, आणि आठ-दहा दिवसांत, जिथे मूठभर मातीही नव्हती अशा भेगांतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. कोकणचे जांभे सडे हेच तिचे घर. आषाढ-श्रावणात खळग्यांतून पाणी साचते, त्यात वायतुरा फुलतो, कडेने गेंदाचे पांढरे ठिपके पसरतात आणि ओल्या कातळावर सीतेच्या आसवांचे जांभळे-निळे गालिचे अंथरले जातात. एवढी नाजूक दिसणारी ही सीतेची आसवे कीटकभक्षी आहेत. कातळावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसते. म्हणून ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडून ती उणीव भरून काढते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते. दगडाखाली देवगांडूळ असते. त्याला गांडूळ समजून सोडून देणाऱ्यांना हा बेडकाच्या गोतावळ्यातला उभयचर प्राणी आहे हे सहसा ठाऊक नसते. तीन-चार महिन्यांत हे सगळे जन्माला येते, फुलते, बी टाकते आणि दसऱ्या-दिवाळीपर्यंत आटोपते. ज्या जमिनीला आपण मृत म्हणतो तिचे वेळापत्रक असे घाईचे आहे.

निसर्गाच्या या वर्णनाने कोणी प्रसन्न होईल. पण प्रश्न केवळ फुलांचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. सड्यावर माणसांचे जगणे टेकलेले आहे. पावसाळ्यात गुरे तिथे चरतात. टाकळा, कुरडू, भारंगी, अळंबी या भाज्या बाया सड्यावरून आणि त्याच्या कडेवरून खुडून आणतात, आणि शेतीच्या ऐन हंगामात, घरातले धान्य तळाला गेलेले असताना, त्या भाज्यांनी किती घरांचे जेवण निभावले आहे याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. जिथे थोडी माती धरलेली असते तिथे नाचणी, वरी, क्वचित भातही होते. दिवाळीनंतर गवत कापून त्याच्या उडव्या रचल्या जातात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सडा ओलांडून गावाच्या शिवेपर्यंत जाते. जत्रांच्या दिवसांत दशावतारी मंडळी एका गावचा खेळ संपवून दुसऱ्या गावाला याच कातळावरून, डोक्यावर पेटारा घेऊन चालत जात. गाडीरस्ते झाले तेव्हा त्या वाटा मोडल्या. देवळात गाऱ्हाणे घालताना गावकर शिवेवरच्या, पाणवठ्यावरच्या, माळावरच्या राखणदारांना एकेक करून साद घालतो आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. त्या देवचारांवर माझा विश्वास नाही. पण जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला कोणीतरी राखणदार आहे आणि त्याला न विचारता तिथली काडीही उचलू नये, ही कल्पना पोटखराब्याच्या कल्पनेपेक्षा शहाणपणाची आहे असे मात्र मला निश्चित वाटते.

पाण्याचे तर विचारूच नये. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर लागतात, या विसंगतीवर व्याख्याने पुष्कळ झाली. धरणे बांधा, बंधारे घाला, हे उपाय त्यातून सुचवले जातात. परंतु आमच्या वाड्या उतारावर, त्या विशिष्ट जागीच का वसल्या, हा प्रश्न व्याख्यात्यांना सहसा पडत नाही. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर ते अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. झरा जिथे फुटला तिथे वाडी वसली, पाटाने पाणी आगरात आले, पोफळी आणि माड उभे राहिले. म्हणजे पर्यटक ज्या हिरव्या आगराचे छायाचित्र घेतो त्याची टाकी वरच्या काळ्या कातळात आहे. राजापूरजवळ उन्हाळ्याची गंगा काही वर्षांच्या अंतराने अचानक प्रकट होते आणि काही काळाने लोपते. भाविकांना त्यात चमत्कार दिसतो, भूशास्त्राच्या अभ्यासकाला दगडाच्या पोटातली पाण्याची वाट. दोघेही त्या पाण्याला मान देतात. मान देत नाही तो फक्त तो कागद, ज्यावर या जागेचे वर्णन ‘खराबा’ असे केलेले असते.

आता या कातळावर कोरलेल्या चित्रांकडे येऊ. गेल्या दशक-दीड दशकात रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी निसर्गप्रेमींनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून विचारून, सड्यांवरची खोदचित्रे शोधून काढली. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. पुरातत्त्व खात्याने त्यांची दखल घेतली. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला मनुष्य आहे. काही ठिकाणी गेंडा आहे, पाणघोडा आहे. म्हणजे आज कोकणात औषधालाही न सापडणारी जनावरे. शेतीच्या खुणा त्यांत दिसत नाहीत, यावरून ही चित्रे शेतीपूर्व काळातल्या शिकारी माणसांची असावीत आणि दहा हजार वर्षे किंवा त्याहूनही मागे जावीत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. नेमका काळ ठरावयाचा आहे. पण एक गोष्ट ठरविण्याची गरज नाही: महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून आणि लेण्यांपासून सुरू करण्याची आपली सवय आहे, त्याच्या कितीतरी आधीचे पान या ओसाड म्हटलेल्या कातळावर उघडे पडलेले होते आणि त्यावरून गुरे जात होती. गुरांनी ते पुसले नाही. एक यंत्र ते एका दुपारी पुसू शकते.

ही अतिशयोक्ती नव्हे. २०२२ सालच्या प्रारंभी दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. आणि राज्य शासनाने नाणारला विरोधामुळे रद्द झालेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी केंद्राला जागा सुचवली ती बारसूचीच. एका हाताने जगाला दाखवावयाचे आणि दुसऱ्या हाताने द्यावयाचे, असा हा व्यवहार. यात कोणा एका पक्षाचे नाव घेण्यात अर्थ नाही. नाणारपासून बारसूपर्यंत सत्तेवर आलेल्या आणि सत्तेवरून उतरलेल्या बहुतेकांनी जागेप्रमाणे आणि खुर्चीप्रमाणे आपली मते बदललेली लोकांनी पाहिली आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा बाया भर उन्हात वाटेवर आडव्या पडल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्या बायांना विकास कळत नाही असे काही वृत्तपत्रांनी लिहिले. वास्तविक त्या सड्याखालच्या झऱ्याचे पाणी त्यांनीच आयुष्यभर डोक्यावरून वाहिले होते.

माडबनला याआधी हेच झाले होते. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांची ९३८ हेक्टर जमीन घेताना तिचा मोठा भाग नापीक व खडकाळ असल्याचे सांगण्यात आले. लोकांनी धनादेश नाकारले, आंदोलन झाले, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. त्याच वर्षी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल सादर केला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विचार करण्याचे काम त्या समितीकडे मुद्दाम सोपविलेले होते, आणि काय करावयाचे, काय नाही, याचा निर्णय ग्रामसभांपासून वर यावा असा तिचा आग्रह होता. अहवाल आधी दडवून ठेवला गेला, मग दुसरी समिती नेमून पातळ केला गेला. ग्रामसभांपर्यंत तो मराठीतून नीट पोचविण्याचे काम शासनाने केले नाही. कार्यकर्त्यांनी केले, जमेल तेवढे.

तथापि सगळे पाप बाहेरच्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे आणि ते खरे नाही. सडा सर्वांत अधिक वेगाने फुटतो आहे तो आमच्याच हातांनी. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात मोठी क्रांती केली. सुरुंगाने कातळ फोडून, खड्ड्यांत दुरून आणलेली माती भरून हजारो एकरांवर हापूस उभा राहिला. ज्याच्या आज्याने मुंबईच्या गिरणीत तीन पाळ्यांमध्ये आयुष्य घालवले आणि ज्याचा बाप १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हाताने गावी परतला, त्याने आपल्या मालकीच्या दगडावर कलम लावले तर त्याला निसर्गाचे प्रवचन द्यावयास मी तयार नाही. तीच गोष्ट चिरेखाणीची. एकरभर सडा खाणवाल्याला दिला की मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघतो. खाण संपली की उरतो तो चौकोनी, खोल, हिरव्या पाण्याचा खड्डा. आणि तिसरी वाट विक्रीची. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी बोरिवली-डोंबिवलीला. दलाल एकेकाला गाठून सह्या घेतो, आणि गावात राहिलेल्याला कुंपण पडल्यावर समजते की आपली गुरांची वाट गेली.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. खोतीच्या अमलात वरकस जमिनीवरचे गवत, लाकूड आणि राबासाठीची कवळ यांवरही कुळाला खोताची मर्जी सांभाळावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कायदा व्हावयास १९४९ उजाडले. त्या लढ्याने कसणाऱ्याला शेत मिळाले. पण जिथे कसले जात नाही, फक्त चारले, वेचले आणि ओलांडले जाते अशा जमिनीवरचा गावाचा हक्क कधी नीट लिहिलाच गेला नाही. तो वहिवाटीत राहिला. वहिवाट माणसे एकमेकांना ओळखत होती तोवर चालली. आज खरेदीखत घेऊन येणारा मनुष्य सांगतो की कागदावर इथे काहीच नाही, आणि कायद्याच्या भाषेत त्याचे म्हणणे खोटे ठरविता येत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे फळाला त्याच्या भूमीचे नाव कायद्याने मिळाले. भूमीला अजून ते मिळावयाचे आहे.

पर्यटनाने हे सुटेल असे सांगणारे पुष्कळ आहेत. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याने काही घरांत पैसा आला, किनाऱ्यावरच्या बायांच्या हातच्या सोलकढीला आणि माशांच्या कालवणाला गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. पण या पर्यटनाची दृष्टी किनाऱ्यापलीकडे जात नाही. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला तो सड्यावरच. प्रवासी कातळावर उतरतात आणि लगेच मोटारीत बसून समुद्राकडे निघून जातात! आणि दृष्टी वळली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले. मग तिकीट आले, रांगा आल्या, कुंपण आले. आणि ज्यांची गुरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती ती बाहेर राहिली. चराई थांबल्याने उंच गवत माजून फुले कमी झाली अशी तक्रार पुढे गावकऱ्यांनी आणि काही जाणकारांनीही केली, कुंपण काढण्याची मागणी झाली. कशेळीच्या हत्तीभोवती उद्या लोखंडी कठडा, तिकीटघर आणि शेजारी वाहनतळ झाला, तर हत्ती वाचेल कदाचित. सडा वाचणार नाही.

मग करावे काय? खाजगी मालकीची जमीन राखावयाची तर राखणाऱ्याला काहीतरी दिले पाहिजे. कलम लावण्यासाठी अनुदान देणारे शासन कातळ न फोडण्यासाठी का देऊ शकत नाही, याचे उत्तर कृषी खात्याने द्यावे. खाली वाडीला पाणी पुरवणारा सडा ही सार्वजनिक पाणीयोजनाच आहे. टँकरवर दरवर्षी जो खर्च होतो त्यातला काही अंश त्या सड्याच्या मालकांना मिळाला तर तो हिशेब सरकारलाही परवडेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात समिती आणि नोंदवही सांगितली आहे. हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर २०२० च्या आगेमागे त्या वह्या अनेक ठिकाणी घाईघाईने भरल्या गेल्या, पुष्कळदा बाहेरच्या संस्थांकडून, आणि कपाटात गेल्या. त्या बाहेर काढून गुराख्याला, सुईणीला, गावकराला शेजारी बसवून पुन्हा लिहावयास हव्यात. हे काम शाळामास्तर आणि पदवीला गेलेली मुले एका पावसाळ्यात करू शकतात.

आणि सातबाऱ्याचे काय, तर त्यातच ‘इतर अधिकार’ म्हणून एक रकाना आहे. विहिरीतला हिस्सा, शेतावर जाण्याची वाट यांच्या नोंदी तिथे होतात. चराईची वहिवाट, झऱ्याचा पाणलोट आणि असेल तिथे कातळशिल्प यांची नोंद त्याच रकान्यात करावी, असा ठराव राजापूर, लांजे, देवगड, मालवणच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत करून तहसीलदाराकडे धाडावा. त्याला अडचण आहे असे तो म्हणाला, तर कोणत्या नियमाची, ते लेखी मागावे.